तुरीच्या मुळातलं सर्किट

सुरुवातीलाच व्हायवाचा एक प्रश्न विचारते. घाबरू नका, याला मार्क्स नाहीत. असं कोणतं सर्किट आहे, ज्यात वायर नाही, फ्यूज नाही, बिल येत नाही, लोडशेडिंगमध्येही जे चालतं आणि तरी ज्यातून इलेक्ट्रॉन एकेक करून मोजल्यासारखे पुढे जातात? कोणी कोराडीचं नाव घेईल, कोणी मशीन लॅबचं, ई अँड टीसीवाले खिशातून मोबाइल काढून दाखवतील. उत्तर आहे, तुरीच्या मुळावरची गाठ. हो, तीच तूर, जिचं वरण आपण मेसमध्ये रोज नावं ठेवत दोनदा वाढून घेतो!

मी इलेक्ट्रिकलची, थर्ड इयरला. शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे हा लेख तुमच्यापर्यंत येईस्तोवर मराठी विभागाच्या संपादकांचं अर्धं लाल पेन संपलेलं असणार. पण विषय असा आहे की तो मराठीतच लिहावासा वाटला. लेख शेतीवर नाही, बायॉलॉजीवरही नाही. तो आपल्यावर आहे. माझं म्हणणं सरळ आहे. दहावीनंतर आपल्याला ‘ए ग्रुप’ आणि ‘बी ग्रुप’ अशा दोन रांगांत उभं केलं आणि मध्ये भिंत बांधली. त्या भिंतीमुळे आपलं नुकसान होतंच, पण त्याहून जास्त नुकसान आपल्याच गावाकडच्या माणसांचं होतं. कसं, ते क्रमाने सांगते.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे. प्रथिनं बनवायला प्रत्येक झाडाला तो लागतो. पण हवेतल्या नायट्रोजनच्या रेणूत दोन अणू तिहेरी बंधाने इतके घट्ट बांधलेले असतात की तो बंध तोडायला एका मोलमागे साधारण ९४५ किलोज्यूल ऊर्जा लागते. म्हणजे पिकाची अवस्था मेससमोर उभं राहून खिशात कूपन नसलेल्या मुलासारखी. समोर सगळं आहे, पण पोटात काही जात नाही.

माणसाने यावर उपाय काढला. १९०९ साली जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी हायड्रोजन आणि नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला आणि १९१३ मध्ये ओप्पाऊ इथे त्याचा कारखाना उभा राहिला. कार्ल बॉश यांनी ते इंजिनीअरिंग उभं केलं. तापमान ४०० ते ५०० अंश सेल्सियस, दाब १५० ते २५० पट वातावरणाचा आणि कॅटॅलिस्ट म्हणून लोखंड. आपल्याकडे अलिबागजवळ थळला आरसीएफच्या कारखान्यात अमोनिया आणि युरिया बनतो, तो याच घराण्यातला. आज जगातल्या जवळजवळ निम्म्या लोकांचं अन्न या प्रक्रियेवर उभं आहे आणि जगाच्या एकूण ऊर्जेपैकी साधारण एक ते दोन टक्के ऊर्जा ती खाते. तेव्हा युरियाला शिव्या घालायला मी इथे बसलेली नाही. हाबर आणि बॉश यांच्याबद्दल आदर आहेच.

पण हेच काम तुरीच्या, सोयाबीनच्या, हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठीत राहणारे जिवाणू शेतातल्या साध्या तापमानाला, साध्या दाबाला करतात. त्या जिवाणूंना रायझोबियम आणि त्याचे भाऊबंद म्हणतात. ते हे काम ज्या एन्झाइमने करतात, त्याचं नाव नायट्रोजिनेज. आणि गंमत बघा, तिथेही काम करणारा धातू लोखंडच! लोखंड म्हटलं की आपल्याला सुरजागडची खाण नाहीतर वर्कशॉपमधला जॉब आठवतो. इथे मात्र लोखंडाचे मोजून काही अणू आहेत आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे.

नायट्रोजिनेजमध्ये दोन प्रथिनं असतात. लहान प्रथिनात लोखंडाचे ४ आणि गंधकाचे ४ अणू असा एक छोटा गोळा असतो. मोठ्या प्रथिनाचे दोन सारखे अर्धे भाग असतात. प्रत्येक भागात एक ‘पी-क्लस्टर’ असतो, त्यात लोखंडाचे ८ आणि गंधकाचे ७ अणू. त्याच्या पुढे शेवटचं स्टेशन, तिथे लोखंडाचे ७, गंधकाचे ९, मॉलिब्डेनमचा १ आणि अगदी मधोमध कार्बनचा १ अणू. हा मधला अणू कार्बनचाच आहे हे पक्कं व्हायला २०११ साल उजाडलं. एका बाजूची बेरीज केली तर इलेक्ट्रॉनच्या वाटेवर लोखंडाचे १९ अणू. एवढ्याच मालमसाल्यावर हवेतला नायट्रोजन फुटतो.

आता सर्किट चालतं कसं? लहान प्रथिन इलेक्ट्रॉन घेऊन येतं. त्याला एटीपीचे दोन रेणू जोडले गेले की त्याचा आकार बदलतो आणि ते मोठ्या प्रथिनाला चिकटतं. इलेक्ट्रॉन पुढे जातो, एटीपी फुटतं, लहान प्रथिन सुटतं आणि पुढचा इलेक्ट्रॉन आणायला निघून जातं. म्हणजे एटीपी इथे नुसतं इंधन नाही, तो कॉन्टॅक्टर आहे! सर्किट जोडायचं कधी, तोडायचं कधी आणि प्रवाह उलटा जाऊ द्यायचा नाही, हे तो ठरवतो. एका फेरीत एक इलेक्ट्रॉन. शेवटच्या स्टेशनवर चार इलेक्ट्रॉन जमा झाल्यावर मग नायट्रोजन तिथे पक्का धरला जातो. नायट्रोजनच्या एका रेणूपासून अमोनियाचे दोन रेणू करायला एकूण ८ इलेक्ट्रॉन आणि १६ एटीपी लागतात आणि हायड्रोजनचा एक रेणू बाहेर पडतो. हा खर्च काही थोडा नाही. झाड पानात साखर तयार करतं आणि जिवाणूंना पोसतं, त्यातून तो भागतो. फुकट काहीच नाही, फक्त बिल उन्हाच्या नावाने फाटतं.

मधल्या पी-क्लस्टरची एक सवय मला फार आवडली. तो आलेल्या इलेक्ट्रॉनची वाट बघत नाही. आपल्याजवळचा इलेक्ट्रॉन तो आधी पुढे देऊन टाकतो आणि मागून आलेल्याने आपली तूट भरून काढतो. २०११ मध्ये याचा पुरावा मिळाला आणि शास्त्रज्ञांनी त्याला तुटीचा खर्च अशाच अर्थाचं नाव दिलं. महिन्याच्या २५ तारखेनंतर आपलं होस्टेल नेमकं याच पद्धतीने चालतं, हे वेगळं सांगायला नको.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं बी ग्रुपवाल्यांचं, आपल्याला काय त्याचं? थांबा. या स्टेशनांच्या मध्ये तांब्याची तार नाही. मध्ये आहे प्रथिन, म्हणजे जवळजवळ इन्सुलेटर. मग इलेक्ट्रॉन पलीकडे जातो कसा? टनेलिंगने! फर्स्ट इयरच्या इंजिनीअरिंग फिजिक्समध्ये जे आपण ‘नक्की येणारा प्रश्न’ म्हणून पाठ केलं आणि पेपरनंतर विसरलो, तेच हे टनेलिंग. निसर्गाने प्रथिनांमध्ये अशा दोन स्टेशनांच्या कडांमधलं अंतर साधारणपणे १४ अँगस्ट्रॉमच्या आत ठेवलेलं दिसतं, म्हणजे दीड नॅनोमीटरहूनही कमी. त्यापुढे अंतर वाढलं की इलेक्ट्रॉन उडी मारायला फार उशीर लावतो. इलेक्ट्रॉन किती वेगाने उडी मारेल याचं गणित रुडॉल्फ मार्कस यांनी १९५६ पासून मांडलं आणि त्याबद्दल त्यांना १९९२ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं.

आणि हे फक्त तुरीतच आहे असं नाही. हा लेख वाचताना तुमच्या पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रियामध्ये इलेक्ट्रॉन याच पद्धतीने पळत आहेत. तिथल्या पहिल्याच मोठ्या एन्झाइममध्ये लोखंड आणि गंधकाचे सात गोळे एका रांगेत लावलेले आहेत, जणू विजेचे खांब. या धावपळीतून तिथल्या पडद्यावर साधारण १५० मिलिव्होल्टचा दाब तयार होतो. तुम्ही म्हणाल, एवढासा? पण पडदा आहे फक्त ५ नॅनोमीटर जाडीचा. भागाकार करा. मीटरला ३ कोटी व्होल्ट! हवा मीटरला ३० लाख व्होल्टच्या आसपास फुटते, हे आपण हाय व्होल्टेजच्या पुस्तकात वाचतो. आपल्या शरीरातलं इन्सुलेशन त्याच्या दहापट ताण सोसतं आणि आपण परीक्षेत ‘डायइलेक्ट्रिक स्ट्रेंग्थ’ची व्याख्या लिहून मोकळे होतो. हा आपला विषय नाही, तर मग कोणाचा?

आता त्या भिंतीची किंमत सांगते. माझे मामा हिंगणघाटकडे सोयाबीन आणि तूर पेरतात. कॉन्व्हेंटमध्ये मी नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम शिकले. नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द मला मामांच्या खताच्या पोत्यांनी शिकवले. त्या पोत्यांच्या बाजूला एक २५० ग्रॅमचं पाकीट पडलेलं असायचं. वर लिहिलेलं, ‘रायझोबियम जिवाणू संवर्धन, थंड व कोरड्या जागी ठेवावे’. पेरणीआधी गुळाच्या पाण्यात कालवून ते बियाण्याला चोळायचं आणि बियाणं सावलीत वाळवायचं, याला बीजप्रक्रिया म्हणतात. नायट्रोजिनेजचा अख्खा कारखाना शेतात नेऊन बसवायचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग.

मामांनी दोन वर्षं ते वापरलं, मग सोडून दिलं. मी कारण विचारलं तर म्हणाले, ‘‘बाई, त्याच्यात जीव आहे का नुसती राख भरली आहे, हे मले कोन सांगन? युरिया डोयानं तरी दिसते.’’

प्रश्न शंभर टक्के इंजिनीअरिंगचा आहे, बघा. पाकिटातली काळी पूड म्हणजे लिग्नाइट किंवा कोळशाची भुकटी, जिवाणू तिच्यात जिवंत असतात. खत नियंत्रण आदेश १९८५ चा आहे. त्यात २००६ साली जैविक खतं आणली गेली आणि अशा पाकिटात ग्रॅममागे किमान ५ कोटी जिवंत जिवाणू हवेत असा दंडक आला. पण पाकीट मे महिन्यात निघतं. आपल्या विदर्भाचा मे महिना! टेम्पोत, गोदामात, पत्र्याखालच्या दुकानात ४५ अंशांची भट्टी. तिथे जिवाणू भराभर मरतात. पूड मात्र काळीची काळीच राहते, वासही तोच, छापील तारीखही तीच. लॅबमध्ये जिवाणू वाढवून मोजायला काही दिवस लागतात आणि पेरणी कोणाची वाट बघत नाही. मग शेतकरी काय करणार? जे डोळ्यांना दिसतं, ते टाकणार. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्याची सरकारी किंमत कर आणि नीम कोटिंग सोडून २४२ रुपये. खरा खर्च याच्या कितीतरी पट, तो सबसिडीतून भरला जातो, म्हणजे आपल्याच करातून.

बरं, जादा युरियाने आणखी एक होतं. मुळाला आयता नायट्रेट मिळाला की झाड गाठी पोसायचा खर्चच टाळतं. असलेलं सर्किटही बंद. उरलेला नायट्रेट पावसाबरोबर विहिरीत. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि विदर्भातल्या कित्येक विहिरींनी ती ओलांडल्याचं केंद्रीय भूजल मंडळाच्या तपासणीत दिसलेलं आहे. तान्ह्या बाळाच्या पोटात नायट्रेटचा नायट्राइट होतो आणि तो हिमोग्लोबिनमधल्या लोखंडाचा एक इलेक्ट्रॉन हिरावून घेतो. फक्त एक! तेवढ्याने ते लोखंड ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही आणि बाळ निळं पडतं. इलेक्ट्रॉन इकडचा तिकडे होणं हा पुस्तकातला विषय राहत नाही, तो असा घरात येतो.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगते. रायझोबियम म्हणजे जादू नाही. जिथे वर्षानुवर्षं सोयाबीन होतं, तिथे जमिनीत आधीच जिवाणू असतात आणि पाकिटाने फारसा फरक पडत नाही. स्फुरद कमी असेल, पाणी साचलं असेल, तरीही गाठी नीट होत नाहीत. कापसाला तर अशा गाठी येतच नाहीत, म्हणून तर आपल्याकडे कापसाच्या ओळींमध्ये तुरीची ओळ घालायची पद्धत जुनी आहे. पण पाकीट चालत नाही म्हणून टाकून देणं वेगळं आणि दुकानात मेलं म्हणून न चालणं वेगळं. हा फरक मोजता आला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

आणि तो आपण मोजू शकतो. कल्पना साधी आहे. जिवंत जिवाणू इलेक्ट्रॉन हलवतो, मेलेला हलवत नाही. दूध डेअरीत मेथिलीन ब्ल्यूची टेस्ट याच तत्त्वावर चालते. जिवाणू ऑक्सिजन संपवतात, मग इलेक्ट्रॉन त्या रंगाला देतात आणि निळा रंग उडतो. जितक्या लवकर उडेल तितके जिवाणू जास्त. दुधात ही वाईट बातमी असते, पाकिटाच्या बाबतीत ती चांगली बातमी ठरेल! अर्थात पाकिटात शिरलेले भलतेसलते जिवाणूही रंग उडवतील, ते वेगळे कसे काढायचे हा खरा प्रोजेक्ट. ई अँड टीसीवाल्यांनो, रंगाचा सेन्सर तुमचा. मेकॅनिकलवाल्यांनो, आपलं गाव कूलरचं. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत खसच्या ताटीने आपण झोपायची खोली थंड करतो, मग कृषी केंद्रातली एक पेटी का नाही? केमिकलवाल्यांनो, पोलिओच्या डोसच्या बाटलीवर उष्णतेने रंग बदलणारा चौकोन १९९६ पासून लावला जातो. बाटली तापली होती का, हे नर्सला नुसतं बघून कळतं. खताच्या पाकिटावर तो परवडेल अशा किमतीत बसवता येईल का, हे तुम्ही सांगा.

माझी रूममेट म्हणते, ‘‘तू काय अॅग्री करून राहिली काय? प्लेसमेंटमध्ये कोण विचारणार आहे हे?’’ मी म्हणते, लाइन फॉलोअर रोबोट आणि अटेंडन्स सिस्टीम कोण विचारतं? दर वर्षी त्याच प्रोजेक्टची कव्हरं बदलतात, कित्येकदा तर आतलं पानही बदलत नाही. इंटरव्ह्यूमध्ये ‘तुम्ही स्वतः काय केलं?’ हा प्रश्न आला की सगळ्यांचा घसा कोरडा पडतो. ज्याने खरंखुरं दुकान, खरंखुरं तापमान आणि मेलेले जिवाणू मोजले, त्याला सांगायला काहीतरी असेल.

दुसरे म्हणतात, बायॉलॉजी म्हणजे पाठांतर. मग आपण काय वेगळं करतो? टनेलिंग पाठ केलंच की! विषय कुठलाच पाठांतराचा नसतो, त्याचा प्रश्नसंच बनवला की तो तसा होतो. एआयसीटीईच्या २०१८ च्या मॉडेल अभ्यासक्रमात इंजिनीअरिंगला बायॉलॉजीचा विषय सुचवलेला आहे, २०२० चं शैक्षणिक धोरणही शाखांच्या भिंती पाडायला सांगतं. पण नुसता विषय वाढवून काय होणार? आणखी एक जर्नल, आणखी एक सबमिशन, आणखी काहींना एक केटी.

म्हणून सर आणि मॅडम लोकांना माझी वेगळी विनंती आहे. नवीन पेपर नको, नवीन पार्टनर द्या. महाराजबागेजवळ १९०६ पासून कृषी महाविद्यालय आहे. लहानपणी नागपूरची सगळी मुलं महाराजबागेत प्राणी बघायला जातात, पण इंजिनीअरिंगला आल्यावर शेजारच्या त्या फाटकातून आत कोणीच जात नाही. याच शहरात १९५८ पासून नीरी आहे, केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, देशभराच्या मातीचा नकाशा काढणारं मृदा सर्वेक्षण ब्युरोचं मुख्यालय अमरावती रोडवर आहे. आणि आपली इंडस्ट्रियल व्हिजिट दर वर्षी बुटीबोरीला! फायनल इयरच्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये चारपैकी एक जण कृषीचा चालेल, एवढी एक ओळ नियमात घाला. बाकी आम्ही बघतो.

आणि मित्रांनो, तुमच्यासाठी एक प्रॅक्टिकल. ऑगस्टमध्ये, सोयाबीन फुलावर असताना गावाला गेलात, तर एक झाड हलक्या हाताने खोदून काढा. तुरीच्या गाठी लहान आणि विखुरलेल्या असतात, सोयाबीनच्या चटकन दिसतात. ओढू नका, गाठी जमिनीतच राहतील. मुळं पाण्यात धुवा, एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर सर्किट चालू आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे पुन्हा लोखंडाचा. नायट्रोजिनेजला ऑक्सिजन लागला की ते बिघडतं, म्हणून हा लाल पदार्थ ऑक्सिजन मोजून मोजून सोडतो. आत पांढरं किंवा हिरवट असेल तर सर्किट बंद आहे. एका झाडावर किती गाठी आणि त्यातल्या किती लाल, हे वहीत लिहा. बियाण्याला पाकीट चोळलं होतं का, ते पाकीट कुठे ठेवलेलं होतं, हेही घरी विचारून लिहा.

परत आल्यावर तो कागद मला द्या. माझा रूम नंबर संपादकांकडे आहे. मामांच्या शेतातली दहा झाडं माझ्या यादीत आहेत, मेथिलीन ब्ल्यू केमिस्ट्री लॅबमधून मिळणार आहे. मेकॅनिकलचा एक आणि केमिकलचा एक पार्टनर अजून हवाय.